सात पाटे

"आता न्यूट्रल करा," मिस्त्री म्हणाला.

तिने गिअर सोडवला. गाडी उतारावरून आपली आपण धावत राहिली, आणि पायाखालचा तो आवाजही. घूं, घूं, घूं. रिकाम्या पिंपात तोंड घालून कोणी हुंकार द्यावा तसा. चाळीसच्या पुढे काटा गेला की तो सुरू व्हायचा.

मिस्त्रीने चप्पल काढून तळवा पत्र्यावर टेकला आणि डोळे मिटले. "आवाज गिअरबॉक्सचा असता तर आत्ता सूर बदलला असता. डांबर सोडा, कच्च्यावर घ्या. हं, आता टाका फोर व्हील."

तिने लहान लिव्हर ओढला. चारही चाकं ओढू लागली, खडी उडाली. आवाज तोच, तेवढाच.

"गिअरबॉक्स गेला असेल तर दादा गाडी भंगारात देणार आहे," ती म्हणाली. "उद्या माणूस बघायला येतोय."

"उद्याचं उद्या. स्टिअरिंग एवढं करकचून धरू नका, पळून नाही जात ते."

गॅरेजमध्ये तिने गाडी खड्ड्यावर घेतली. मिस्त्री खाली उतरला. ती काठावर उकिडवी बसून त्याच्या बॅटरीचा उजेड कुठे कुठे जातो ते बघत राहिली. इंजिनाचं बळ मागच्या चाकांना नेणारा लांब शाफ्ट त्याने दोन्ही हातांनी हलवून पाहिला. "ढिला नाही." गिअरबॉक्सचा नट सोडून तेलाचे दोन थेंब बोटांवर चोळले. "लोखंडाचा कीस नाही." प्रत्येक 'नाही'ला तिला बरं वाटे आणि लगेच धास्तीही. दुखतंय तर आहे, आणि सापडत तर नाही.

उजेड मागच्या चाकापाशी थांबला.

"ताई, या गाडीला मागे स्प्रिंगचे पाटे पाच असतात. इथे सात आहेत. दोन्ही बाजूंना." मग उजेड जरा वर सरकवून, "आणि हे वेल्डिंग कोणी केलंय?"

"बाबांनी."

"हात बघा काय आहे. मशीनवर शिवल्यासारखं. कामच होतं का त्यांचं?"

"हो. मागे सगळं बसवलेलं होतं. जनरेटर, वेल्डिंगचं मशीन, दोन सिलिंडर. आणि ते स्वतः. गुडघे गेल्यावर गाडी मीच चालवायचे. पण ते शेजारी बसायचे नाहीत. मशीनला धरून मागे बसायचे."

"आता कुठे आहे मशीन?"

"बाबा गेले, त्यानंतर महिन्याने देऊन टाकलं."

"आणि आवाज?"

"दिलं त्याच दिवसापासून."

मिस्त्रीचं डोकं खड्ड्यातून वर आलं. "अहो, मग हे आधी सांगायचं ना! पोट दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जायचं आणि काय खाल्लं ते तेवढं सांगायचं नाही, असं झालं हे."

"मला वाटलं, मीच नीट चालवत नाही."

वर येऊन त्याने फडक्याला हात पुसले, बराच वेळ पुसले. "चालवता तुम्ही चांगली. बिघडलेलं काहीच नाही. त्यांनी जादा पाटे घालून गाडी वजनासाठी बांधली होती. वजन गेलं, तशी ती मागून उचलली. शाफ्ट तिरपा झाला. म्हणून घुमतो. जादाचे पाटे काढले की बसेल खाली, आणि आवाज बंद. दादाला सांगा, हिला भंगारात घालायच्या आधी मला घाल म्हणावं."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली असेल. मग बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली.

"काढायलाच हवेत?"

"नाहीतर रोज तेवढं वजन मागे ठेवून फिरा."

"काढा," ती म्हणाली. "पण आधी एकदा खात्री करू या, काका. वजन ठेवून."

मिस्त्रीला खात्री होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि शेजारच्या पंक्चरच्या दुकानाकडे तोंड करून हाक दिली, "पैलवान! ये इकडे. आजवर खाल्लंस त्याचं चीज करायची वेळ आली."

पैलवान आला. लोखंडी तुकड्यांच्या चार गोण्या त्यानेच उचलून मागे टाकल्या. "लग्नाला न्यायला कुणाला आठवत नाही मी," तो कुरकुरला, "वजन म्हणून बरा आठवतो." तो चढला तशी गाडी करकरत मागून खाली बसली.

मिस्त्री तिच्या शेजारी बसला. काटा तीसवर गेला, चाळीसवर गेला. पन्नास. पायाखाली काही नव्हतं. नुसतं इंजिन. आणि पाठीमागे एका माणसाचं श्वास टाकणं, लोखंडाचं किणकिणणं.

"सावकाश, ताई," मागून आवाज आला. "पुढे खड्डा आहे."

तिने खड्डा चुकवला. शाळेच्या कुंपणापाशी वळून ती परत फिरली. गॅरेजचा निळा पत्रा डावीकडे आला आणि गेला.

"अहो ताई, गॅरेज मागे राहिलं की!"

तिने टॉप गिअर टाकला.

"मिस्त्री, सांग ना त्यांना! दुकान उघडं टाकून आलोय मी."

मिस्त्री समोरच्या रस्त्याकडे बघत होता.

"बस गप," तो म्हणाला. "आणि जरा मागे सरकून बस."