वाकायचं नाही

मणक्याच्या सरकलेल्या चकतीचं ऑपरेशन झालं, त्यात शुभाला एकच फायदा दिसत होता: महिनाभर तरी आयतं खायला मिळणार. अजिबात वाकायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीदच होती.

मुलुंडच्या घरी आल्यावर पट्टा सावरत, भिंत धरत ती पाण्यासाठी स्वयंपाकघरात गेली. खालच्या कप्प्यातला कुकर, परात, पिठाचा डबा, सगळं ओट्यावर मांडलेलं.

"आई सकाळपासून हेच करतेय," नवरा सुयोग कौतुकाने म्हणाला. "तुला वाकायला लागू नये म्हणून."

"भाजी केलीय गं," सासूबाई बाहेरून म्हणाल्या. "पोळ्या तेवढ्या लाट. त्याला तुझ्याच हातच्या लागतात. मग पड निवांत."

शुभाने तवा तापत ठेवला. काळजी दोघांनी घेतली होती. टाके एकटीचे ओढले जात होते.