मोकळी पट्टी

चार ओळी रचून झाल्या होत्या आणि बद्रीनाथनं डावीकडची पट्टी अजून मोकळीच ठेवली होती.

कॅन्टीनमधल्या टीव्हीच्या पडद्यावर मधोमध एक रेघ होती. रेघेच्या अलीकडे बद्रीनाथच्या विटा वरून पडत होत्या, पलीकडे मल्हारीच्या. मागं अख्खी शिफ्ट बाकांवर चढून उभी. वाळूजच्या त्या कारखान्यात आठवडाभर दुसरं काही चालूच नव्हतं. चौऱ्याण्णवची संक्रांत तोंडावर आली होती, विद्यापीठाच्या नावाचा निर्णय व्हायचा होता, शहरात जागोजाग पोलीस होते आणि मालाचे ट्रक नाक्यावर अडकले होते. लाइन बंद. मग मॅनेजरसाहेबांनी मुलाचा व्हिडिओ गेम घरून आणला आणि टेम्पररी पोरांना सांगितलं, “खेळा. एक जागा भरायची आहे. खेळ बघून एकाला पर्मनंट करू.” शेवटच्या डावाला हे दोघंच उरले होते.

माणूस निवडायची ही तऱ्हा कुणालाच विचित्र वाटली नाही. आधीच्या तऱ्हा याहून बऱ्या होत्या, असं कुणाला आठवत नव्हतं.

बद्रीनाथला तर ती पटलीच. लासूरची जमीन भावांवर सोडून तो गारखेड्यात एका खोलीत राहत होता. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नव्यानं टेम्पररी. कोपऱ्यावरच्या गेम पार्लरमध्ये जाऊन तो नुसता खेळला नाही, त्यानं खेळाचं शास्त्रच केलं. सगळं सुरुवातीवर आहे, तो म्हणायचा. तळ सपाट रचायचा. मध्ये भोक ठेवायचं नाही. डावीकडची एक उभी पट्टी तेवढी मोकळी सोडायची आणि लांब दांडीची वाट बघायची. दांडी आली की त्या फटीत सोडायची. चार ओळी एकदम भरून साफ, आणि तेवढ्याच ओळी खालून समोरच्याच्या अंगावर चढतात.

घरातही तेच. बायको, आशा, फळीवर डबे मांडायला लागली की हा डावीकडे आडवा हात धरायचा. दोघांच्या मध्ये तान्ही छबी झोपायची, तर झोपेत तिलाही उजवीकडे सरकवायचा.

“पोरगी हाय ती, वीट नाय,” आशा म्हणायची आणि लेकीला पुन्हा कुशीत ओढून घ्यायची. छबी झोपेतच ओठ हलवायची. तिच्या मऊ केसांवरून आशा हात फिरवायची. हा पर्मनंट झाला की छबीचं जावळ काढायचं, गावाकडं, सगळ्या भावकीदेखत, असं तिनं ठरवून टाकलं होतं. म्हणून तर ती डबे उजवीकडे दाटीवाटीनं बसवत होती.

तशी बद्रीनाथला कशाचीच घाई नव्हती. नामांतराचं कुणी विचारलं की तो म्हणायचा, “आधी चहा घे, निवतोय.” शेजारच्या मशीनवरचा धोंडिबा गेटसभेला गेला, युनियनचं बोलला आणि काम जाऊन घरी बसला. त्या दिवशी बद्रीनाथ मागच्या गेटानं बाहेर पडला होता. बाजू घ्यायची ती पर्मनंट झाल्यावर, असं त्याचं मत होतं, आणि ते त्यानं कुणाला सांगितलंही नव्हतं.

मल्हारीकडं शास्त्रबिस्त्र नव्हतं. खुलताबादकडच्या मेंढपाळांच्या घरातला तो. वीट आली की घाल, ओळ भरली की जाऊ दे. एकेक ओळ साफ होत होती आणि त्याचा तळ कायम रिकामा.

“आरं, कायतरी रच की लेका!” मागून कुणीतरी ओरडलं.

“कशाला? मेंढरू आलं की आत घालायचं. त्याला काय दारात पाहुण्यावानी उभं करायचं?”

लोक हसले. बद्रीनाथ हसला नाही. त्याची भिंत चढत चालली होती आणि दांडी येत नव्हती. चौकोन आला, तो उजवीकडे बसवला. वाकडा तुकडा आला, तोही कसाबसा बसवला. भिंत अर्ध्याच्या वर गेली. मॅनेजरसाहेबांनी खुर्ची पुढं ओढली. सुपरवायझर केरबाही वाकून बघायला लागला.

“पट्टी बुजव बद्री, मरशील!”

“नाय,” बद्रीनाथ म्हणाला. “थांबायचं.”

आणि दांडी आली. त्यानं ती डावीकडे नेली आणि सोडली. चार ओळी गेल्या. तिच्या पाठोपाठ दुसरी दांडी. आणखी चार. मल्हारीच्या खालून आठ ओळी धडाधड वर आल्या, आणि काय झालं हे त्याला कळायच्या आत, गोंधळून वरून टाकलेल्या विटांनी त्याचा पडदा भरला.

शिफ्टनं बद्रीनाथला उचललं. उभ्या जन्मात तो पहिल्यांदाच माणसांच्या खांद्यावर चढला होता. वरून कॅन्टीन फार छान दिसत होतं. कुणीतरी आरोळी ठोकली, “बद्रीभाऊ आगे बढो!” बाकीच्यांनी ती लई खुशीत उचलून धरली. आशाचा चेहरा कसा होईल ते मनात बघत बद्रीनाथनं लाजत लाजत हात वर केला.

साहेबही टाळ्या वाजवत होते. केरबा त्यांच्या कानाशी वाकला.

“मग बद्रीनाथचंच नाव वर पाठवू ना साहेब?”

“वेडा आहेस का?” टाळ्या न थांबवता साहेब म्हणाले. “मल्हारीचं पाठव. जे अंगावर पडेल ते गुमान जागेवर लावतो, काही साठवून ठेवत नाही. हा मुकाट्यानं ओळी रचत बसतो, संधीची वाट बघतो आणि मग सगळं एकदम समोरच्यावर घालतो. युनियनचे पुढारी असेच असतात. याला उद्यापासून ब्रेक दे.”