पोटभरल्या माशांचं तळं

उजाडायच्या आत गोदाक्कानं टोपलंभर भाकऱ्या शेततळ्यात कुस्करून टाकल्या. "खा रे पोटभर," ती माशांना म्हणाली, "म्हणजे त्या मेल्यांच्या गळाकडं ढुंकूनसुद्धा बघायचा नाहीत."

थोरल्या लेकानं घरचं तळं दर रविवारी गावोगावच्या हौशी गळवाल्यांना खुलं केलं होतं, तेही आईला न विचारता. ते मासे बोटाएवढे होते तेव्हापासून तिनंच वाढवले होते. पण भांडण आक्काच्या स्वभावात नव्हतं. भाकरी थापणं होतं.

सहा रविवार कुणालाही मासा लागला नाही. तरी माणसं वाढतच गेली. सातव्या रविवारी मात्र आक्काचं मन तिला खाऊ लागलं. पहिल्या दिवसापासून येणाऱ्या निवृत्त मास्तरांना चहा देताना ती चाचरत म्हणाली, "मास्तर, उगाच कशाला दिवस घालवता? हे मासे काही गळाला लागायचे नाहीत."

मास्तरांनी दचकून आजूबाजूला पाहिलं.

"हळू बोला, आक्का," ते पुटपुटले. "मासा मिळाला की घरी जावं लागतं."