नऊशे ऐंशी ओहम

खोकं थरथरत नव्हतं. भाचीने तळहात दाबून पाहिला, मग नुसती बोटांची टोकं टेकवली. काही नाही. खर्ज घुमवणाऱ्या त्याच सबवूफरवर शेजारी मामीचा हात पसरलेला होता, आणि मामी डोळे मिटून ठेक्यात मान हलवत होती.

तो ठेका स्पीकरमधून ऐकू येणाऱ्या ड्रमचा नव्हता. भाचीने तीन वेळा मोजून पाहिलं. ड्रम पुढे निघून जात होता आणि मामीची मान आपल्याच चालीने हलत होती.

चौदा वर्षांपूर्वी एका तापात मामीचे दोन्ही कान गेले. तिचा मुलगा तेव्हा ड्रम शिकत होता. तो आपला सराव टेप करायचा आणि आईचा तळहात या खोक्यावर ठेवून तिला तो ‘ऐकवायचा’. आठ वर्षांपूर्वी तो घाटात मोटारसायकलच्या अपघातात गेला. मागे एक टेप राहिली. रोज चार वाजता मामा ती लावायचे, मामी हात ठेवायची आणि टेप संपेपर्यंत दोघं जागचे हलायचे नाहीत.

“मामा, सबवूफर बंद आहे.”

“दिवा लागलाय की.”

“दिवा लागलाय, पण खर्ज येत नाहीये. मामीच्या हाताला काही म्हणजे काही लागत नसणार.”

“तिची काही तक्रार आहे का? नाही ना? मग तुला कशाला नसत्या उठाठेवी? चार दिवस सुट्टीला आलीयेस, खा, पी, झोप.”

पण भाची नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आली होती, आणि मामीला आठ वर्षांनीही त्याच हाताने त्याच जागी मुलाला शोधताना पाहून तिला रात्री जेवण गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा पोस्टात गेल्यावर तिने खोकं भिंतीपासून ओढलं आणि मामांच्या दुरुस्तीच्या पेटीतला मीटर लावला.

मागच्या पट्टीवर लिहिलं होतं, इनपुट इम्पीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या विजेला होणारा अडथळा, पन्नास हजार ओहम. मीटर नऊशे ऐंशी दाखवत होता.

टेपचा आवाज खोक्याकडे पाठवणारा प्रीअ‍ॅम्प जुना, व्हॉल्व्हचा. त्याची ताकद बेताची. पुढचं यंत्र पन्नास हजार ओहमचं असेल तर त्याला ते झेपतं; हजाराच्या आत आलं की त्याचा दम सुटतो, आणि सगळ्यात आधी खर्ज वाटेतच विरून जातो. तिने मनातल्या मनात भागाकार केला. पन्नास हजारांचे नऊशे ऐंशी व्हायचे तर मध्ये कुठेतरी हजार ओहमचा रेझिस्टर आडवा असणार. तिने झाकण उघडलं. होता. इनपुटच्या दोन टोकांमध्ये बसवलेला, तांदळाच्या दाण्याएवढा. सोल्डरचा डाग इतका गोल आणि स्वच्छ की असं काम या घरात एकच माणूस करू शकत होता.

तिने तो उपटला. दोन मिनिटांचं काम.

“दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच,” मामा दारातून आत येताच ती हसत म्हणाली. “चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ दुरुस्त केलेत, आणि घरच्या सबवूफरचा गळा आवळून ठेवलात? काढला मी तो रेझिस्टर.”

मामांच्या हातातली पिशवी खाली आली. “परत लाव.”

“अहो, पण का?”

“चार वाजायच्या आत परत लाव, पोरी.”

चार वाजलेच होते. मामी आत आली, नेहमीच्या वेताच्या मोड्यावर बसली आणि तिने हात खोक्यावर ठेवला. मामा टेपजवळ उभे राहिले. त्यांचं बोट बटणापर्यंत जाईना. मामी वाट पाहत होती. शेवटी भाचीनेच बटण दाबलं.

खोकं दणाणलं. खिडकीचं तावदान खुळखुळलं. मामीने चटका बसावा तसा हात उचलला. मग सावकाश पुन्हा ठेवला. तिची मान हलली नाही. तळहाताखाली कुणीतरी भराभर, हुशारीने वाजवत होतं, आणि मामी डोळे उघडून मामांकडे पाहत होती.

मामांनी टेप बंद केली. ते मामीसमोर गुडघ्यांवर बसले आणि तिला ओठ दिसतील असे हळूहळू बोलले.

“हा आपला नाही. त्याची टेप पुसली गेली. मीच चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं. ही कुणा दुसऱ्याची आणली. तुझ्या हाताला कळलं असतं, म्हणून त्या खोक्याचा आवाज मारला.”

भाचीला आपल्या मुठीतला रेझिस्टर कुठे टाकावा ते कळेना.

“मला माहीत आहे,” मामी म्हणाली. स्वतःचा आवाज चौदा वर्षं न ऐकलेल्या माणसाचा तो सपाट, मोठा आवाज होता. “सात वर्षं झाली.”

“मग मामी, तू रोज मान...” भाची म्हणाली.

मामीने तिच्याकडे पाहिलंच नाही. तिने मामांचं मनगट धरलं, घट्ट, जिना उतरताना लहान मुलाचं धरावं तसं.

“त्या दिवशी माझ्याकडे पाठ करून तुम्ही स्वतःशीच पुटपुटत होतात. बहिरीला काय कळणार! समोर कपाटाची काच होती, मला ओठ दिसत होते. म्हणालात, त्याची टेप पुसली गेली, हिला कळलं तर मी जगणार नाही. मग मला कळलंय, हे तुम्हाला कसं कळू देणार होते मी?”