बावीस दारं

करारनाम्याची सहा पानं योगितानं तिसऱ्यांदा वाचली. खोट कुठंच सापडत नव्हती. पशुखाद्याचा सगळा माल पुण्याची कंपनी आपल्या बीडच्या गोदामात ठेवणार, ऑर्डर आली की त्याच दिवशी गावोगाव पोचवणार, पोचल्याचा फोटो मोबाइलवर येणार. चौसाळ्याचं हे गोदाम रिकामं करायचं आणि टेम्पो विकायचा. तिनं फक्त सही करायची होती.

कंपनीचा माणूस पाच वाजता येणार होता. ही त्याची तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा तिनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं.

मागच्या आठवड्यात कंपनीनं एक दिवस काम करून दाखवलं होतं. बावीस ठिकाणी गोण्या द्यायच्या होत्या. बजरंग नावाचा त्यांचा ड्रायव्हर सकाळी निघाला आणि दीडला रिकामी गाडी घेऊन परत आला. तिचा टेम्पो चालवणाऱ्या सटवाकाकांना त्याच बावीस ठिकाणांना हल्ली दोन दिवस लागत. अडीच महिन्यांपूर्वी, तिचे वडील अण्णा होते तोवर, एक लागायचा. काकांचे गुडघे थकलेत, हे योगितानं कधीच ओळखलं होतं. पण पासष्टीच्या माणसाला त्याच्या गुडघ्यांबद्दल बोलायला तिची जीभ रेटत नव्हती.

आणि सही टाळण्याचं खरं कारण तेवढंच नव्हतं. टेम्पोच्या कपाळावर ‘गहिनीनाथ’ असं लिहिलेलं होतं. तो गावात शिरला की लोक म्हणत, गहिनीअण्णांची गाडी आली. घरात आता वडलांचं नाव कुणी काढत नव्हतं. आई तर नाहीच. निदान बावीस ठिकाणी तरी ते निघतंय, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं.

साडेचारला टेम्पो आला. सटवाकाका खाली उतरले आणि आत येऊन सरकी पेंडीच्या गोणीवर टेकले. तिनं माठातलं पाणी दिलं. ते पिऊन होईपर्यंत ती थांबली आणि म्हणाली, “काका, मी सही करत नाही. तुम्ही आहात तोवर टेम्पो फिरेल.”

त्यांना बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. त्यांनी रिकामा तांब्या खाली ठेवला, उपरण्यानं मान पुसली.

“माझ्यासाठी थांबल्या का?”

तिनं मान डोलावली.

“मग करा सही, ताई.”

तिनं घाईघाईनं शेवटचं पान उलटलं. त्यांना बीडच्या गोदामात त्याच पगारावर घेणार आहेत, तसं लिहूनच घेतलंय, पण ते महत्त्वाचं नाही, असं काहीबाही सांगू लागली. सटवाकाकांनी ऐकून घेतलं.

“ब्येस हाय की. तिथं अण्णाला कुणी वळखत न्हाई.”

मग ते हळूहळू बोलत गेले. अण्णा गेल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे, हार घातलेला फोटोसुद्धा सगळ्यांच्या मोबाइलवर आलाय. तरी गाडी थांबली की लोक गोणीला हात लावत नाहीत. आधी बसा म्हणतात. चहा टाकतात. मग विचारतात, कसं झालं. एकाला सांगून होतं तोवर शेजारची येते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. ज्यांना सांगितलं, तेच पुढच्या खेपेला घरात आलेल्या पाहुण्याला घेऊन बसतात. दिंद्रुडच्या दूध डेअरीवरच्या भिवराबाई तर टेम्पोत चढून ड्रायव्हरशेजारच्या अण्णांच्या जागेवर बसल्या आणि अर्धा तास उतरल्याच नाहीत.

“आमच्या गुडघ्याला काय न्हाई झालेलं,” ते म्हणाले. “रोज अकरा दारांत अण्णा मरतेत, ताई. अन् मलाच मारावं लागतंय.”

योगितानं पेनाचं टोपण काढलं. मग तिनं विचारलं, “त्या बजरंगला कुणी काही विचारलं?”

“त्याला कोन इचारतंय. गोणी उतरवली, फोटो काढला, गेला. लोकायनी पाणी बी न्हाई दिलं बिचाऱ्याला.” ते जरासे हसले. “सुखी हाय बेनं.”

तिनं सही केली. सहाही पानांवर. मग टोपण लावलं आणि विचारलं, “लोकांना काय सांगता तुम्ही?”

“ऱ्हाऊ द्या आता.”

“सांगा ना, काका.”

त्यांनी उपरण्याची घडी घातली, मोडली.

“सकाळी अंघोळ केली म्हणतो. चहा घेतला, बशीत वतून. अंगणात खुर्ची टाकून बसले आन् बसल्या जागीच गेले. कुणाला तरास न्हाई, काही न्हाई. मग लोक म्हणतेत, सोनं झालं.”

ते तिच्याकडं बघत नव्हते. दवाखान्यातल्या काचेच्या दारापाशी एकोणीस दिवस ती बसली होती, तेव्हा शेजारच्या बाकड्यावर तेच होते. अण्णांच्या नाकातोंडातल्या नळ्या दोघांनीही बघितल्या होत्या.

बाहेर मोटारसायकल थांबली. कंपनीचा माणूस बॅग सावरत दारात आला आणि नमस्कार म्हणाला. योगितानं मान न वळवता हातानंच त्याला थांबायला सांगितलं.

“अंगणात ऊन होतं का, काका?”

“न्हाई ताई,” सटवाकाका म्हणाले. “लिंबाखाली बसले होते. लई गार सावली होती.”