सहीआधी

“पुसून पुसून बोटं गेली माझी! एवढ्या बारीक रेघा कोणी मारतं का?” तांब्याच्या प्लेटवरची जादा शाई पुसताना सरांच्या बायको, काकू, कुरकुरल्या. प्रेसमधून चित्राचा छाप निघाला आणि शेजारी उभी असलेली विद्यार्थिनी बघतच राहिली. वाऱ्यावर लोळणाऱ्या गवताचं ते माळरान तिनं कोरलेलं होतं. “तुझी प्लेट अ‍ॅसिडनं खाल्ली, टाकून दिली,” असं सर तिला महिन्यापूर्वी म्हणाले होते.

“सर, काय मोकळा हात सुटलाय तुमचा!” चित्रं घ्यायला आलेला गॅलरीवाला म्हणाला.

“वय झालं की रेघ आपोआप सैल होते,” म्हणत सरांनी सहीसाठी पेन्सिल उचलली.

विद्यार्थिनीनं मान खाली घातली. काकूंनी सरांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

“अहो, तुमचं गवत तीस वर्षं कवायतीला उभं आहे. हे माळरान या पोरीचं आहे.”