पाठ तिसरा, वाक्य पाचवं

नळदुरुस्तीवाल्याने पुस्तकाची नमुना प्रत उलटसुलट करून पाहिली. वर छापलं होतं, ‘ग्रीक व्याकरण : संयुक्त समिती’. आत पाच ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे पाच चर्चच्या, पाच पाळकांचे फोटो, नावं, पदव्या. पुस्तक लिहिलं होतं त्याच्या बायकोने. तिचं नाव कुठेच नव्हतं.

“काका, संमतीपत्रावर तेवढी सही करा,” सचिव म्हणाला. तो त्या पाचांपैकीच एक; बाकीचे चौघेही टेबलाभोवती होते. “बाई गेल्या, आता हक्क तुमच्याकडे. पाळक घडवणारी पाच विद्यालयं बंद करून आपण एक काढतोय. सोमवारी पहिला वर्ग. केवढी मोठी गोष्ट!”

“हिचं नाव कुठंय?”

सचिवाने चष्मा काढून पुसला. “एका मंडळीला बाईमाणसाने पाळकांना शिकवलेलं चालत नाही. नाव घातलं तर ते बाहेर पडतील. एकीसाठी थोडं सोसावं लागतं, काका.”

“सोसायला ती उरलीय कुठे?”

त्या मंडळीचा पाळक खिडकीबाहेर बघत होता. नळवाला त्याच्याकडे वळला. “या चौघांसारखे तुम्हीही ग्रीकच्या परीक्षेआधी महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात बसून हिच्याकडे शिकलात. तेव्हा कसं चाललं हो?”

“ते खासगी होतं,” पाळक पुटपुटला.

नळवाल्याला ग्रीक येत नव्हतं. एकच वाक्य येत होतं, तिसऱ्या पाठातलं पाचवं. एकदा जेवण गार झालं तेव्हा तिने चिडून ते लिहिलं होतं आणि त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. त्याने पान काढलं. वाक्य जागेवर होतं. खाली अर्थ : ‘नळवाला आजही उशिरा आला.’

“हा नळवाला कोण?” त्याने विचारलं.

“उदाहरण आहे ते,” सर्वांत तरुण पाळक म्हणाला. “काल्पनिक.”

नळवाल्याने पुस्तक मिटलं. टेबलावर पुस्तकाच्या मूळ, तिच्या हस्ताक्षरातल्या चार वह्या पडल्या होत्या. त्याने त्या उचलल्या, हत्यारांच्या पिशवीत पान्ह्याशेजारी कोंबल्या आणि संमतीपत्र कोरंच पुढे सरकवलं.

सचिव ताडकन उठला. “अहो काका, सहीशिवाय पुस्तक वापरता येत नाही, आणि मुलं सोमवारी येतायत! पहिल्या तासाला आम्ही शिकवायचं काय?”

“तुम्ही पाचजण कुणाकडे शिकलात, तेवढं सांगा.”